जुन्या गिटारीचे सुटे भाग

गिटार आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत केव्हा आली, याची नोंद कोणत्याही धर्मग्रामाच्या वहीत सापडणार नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या तारखा आपण जपून ठेवल्या. वाद्यांच्या ठेवल्या नाहीत. तरीही विजेवर वाजणाऱ्या जुन्या गिटारीचा इतिहास बऱ्याच अंशी वाचता येतो, कारण तो तिच्या पोटातच लिहिलेला असतो. प्रश्न एवढाच, की ती दुरुस्त करताना आपण तो पुसून टाकणार की राखणार?

ही गिटार १९३१-३२ साली अमेरिकेत जन्माला आली. जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी बाजारात आणलेले ते वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजविण्याचे, म्हणजे हवाईयन पद्धतीचे होते. आपल्या देशातही हीच पद्धत आधी लोकप्रिय झाली. लखनौचे ख्रिस्ती वादक व्हॅन शिप्ले यांनी मुंबईत येऊन विजेच्या हवाईयन गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. त्याच मुंबईत गोव्याच्या धर्मग्रामीय शाळांतून स्वरलेखन शिकलेले अनेक वादक उदरनिर्वाहासाठी आले होते. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील गाजलेली नावे. अशी नावे थोडी. बाकीचे अनामिकच राहिले. मुंबई-गोवा रस्ता पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव असा जातो. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि रोह्यापुढचे पहिले स्टेशन कोलाड ठरले. त्यापूर्वी या बाजूने गोव्याला जायचे तर आगगाडी नव्हतीच. माणसे आणि त्यांची वाद्ये रस्त्याने किंवा बोटीने जात-येत.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला शोभतील अशी अन्य वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाट मोकळी केली. लोकभाषेतील मिस्साबरोबर तरुणांच्या हातची गिटारही हळूहळू वेदीजवळ आली.

परंतु ते दिवस परकीय चलनाच्या टंचाईचे होते. १९५६-५७ नंतर आयात परवान्यांचा फास आवळला गेला. १९९१ नंतर तो सैल होऊ लागला, तरी ग्राहकोपयोगी वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २००१ रोजी. तारांचा एक संच हवा असला, तरी बोटीवर काम करणाऱ्या नातलगाची वाट पाहावी लागे. मग तुटलेल्या खुंटीची जागा स्थानिक कारागिराने घडविलेली खुंटी घेई. जळालेला कंडेन्सर शेजारच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून येई. कोकणची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस स्क्रूंना गंज आणी, लाकूड फुगवी.

आता वाद्य उघडल्यावर काय दिसते ते पाहू. आवाज कमी-जास्त करणाऱ्या अमेरिकन व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. १३७ हे आरंभीचे आकडे सीटीएस या कारखान्याचे, ३०४ हे स्टॅकपोलचे. त्यांच्या पुढे वर्ष आणि आठवडा. १३७६६३३ असे असेल, तर तो भाग १९६६ च्या तेहतिसाव्या आठवड्यातला. तो भाग मूळचाच असेल, तर गिटार त्याआधी पुरी झालेली नसणार. नंतरची मात्र असू शकेल. गिब्सन कंपनीच्या १९५७ नंतरच्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असे. पेटंट १९५९ मध्ये मिळाले, तरी चिठ्ठ्या पुढे काही वर्षे लागतच राहिल्या. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ती तार आतून तुटली की पिकअप मुका होतो. अशा वेळी नवा घालण्यापेक्षा जुन्याच चुंबकावर त्याच जाडीच्या तारेचे वेढे पुन्हा देणे अधिक शहाणपणाचे.

त्या काळचेच भाग मिळवावेत, हा आग्रह रास्त आहे. पण त्याला एक काळी बाजू आहे. जुन्या भागांना भाव आला, तशा धडधाकट गिटारीही मोडून त्यांचे अवयव सुटे विकले जाऊ लागले. नव्या भागाला मुद्दाम गंज चढवून तो जुना म्हणून खपविणारेही निघाले. एक वाद्य पूर्ण करण्यासाठी दुसरे संपवायचे, यात जतन कसले?

लाकडाचीही तीच कथा. फिंगरबोर्डासाठी लागणारे ब्राझीलचे शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारातून जवळजवळ बाद झाले. आपल्या सह्याद्रीतील शिसवासह त्या कुळातील उरलेली झाडेही २०१७ मध्ये निर्बंधांखाली आली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. म्हणून जुना फिंगरबोर्ड उखडण्यापूर्वी तो सांधता येईल का, हे आधी पाहावे.

येथे १९६४ ची व्हेनिस सनद मार्गदर्शक ठरावी. ती लिहिली गेली प्राचीन वास्तूंसाठी. आपल्या जिल्ह्यातील चौल-रेवदंड्याच्या पोर्तुगीजकालीन चर्चच्या अवशेषांना ती जितकी लागू, तितकीच तिची दोन सूत्रे वाद्यालाही लागू पडतात. नवी भर मूळ वस्तूशी जुळावी, पण बारकाईने पाहणाऱ्याला ती ओळखू यावी, हे पहिले. वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेल्या योग्य भरीचा मान राखावा, हे दुसरे.

या दुसऱ्या सूत्राकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अमेरिकेत १९६२ साली बनलेल्या गिटारीत १९७० साली मुंबईच्या रेडिओ कारागिराने बसविलेला कंडेन्सर खोटा नव्हे. टंचाईच्या काळात मिस्सेतले गायन थांबू न देणाऱ्या हातांची ती सही आहे. तो काढून अमेरिकेहून मागविलेला ‘अस्सल’ भाग घातला, तर गिटार कारखान्याशी प्रामाणिक होईल. तिच्या आपल्यातल्या आयुष्याशी होणार नाही. तो भाग चालत असेल तर राहू द्यावा. बदलावाच लागला, तर पाकिटात घालून पेटीतच ठेवावा आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची चिठ्ठी सोबत जोडावी.

ज्यांची नावे इतिहासात राहिली नाहीत, त्यांच्या श्रमांची एवढी तरी नोंद आपल्या घरांत राहील.