ईगा
तेलुगू सूडपट (2012). दिग्दर्शक एस. एस. राजामौली. तेलुगूत ‘ईगा’ म्हणजे माशी. तमिळ आवृत्ती ‘नान ई’, हिंदी ‘मक्खी’.

उद्योगपती सुदीप नानीचा खून करतो. नानी माशीच्या जन्मात परततो; सूक्ष्मशिल्पे घडवणारी बिंदू त्याला साथ देते.

करमणूकपट म्हणून गाजलेल्या या कृतीचे भयपटाशी असलेले नाते दुर्लक्षित राहिले. घरी शांतपणे पुन्हा पाहताना ते अंगावर येते: कानाशी गुणगुणून माशी खलनायकाची झोप उडवते, गाडीच्या काचेवर जिवे मारण्याची धमकी लिहिते. बळी आणि शिकारी यांची जागाच बदलते.

60व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपट आणि विशेष दृश्यपरिणाम, असे दोन सन्मान.