दिनविशेष : २६ ऑक्टोबर

१९३१ साली आजच्याच तारखेस इंग्लंडातील स्टॅग लेन मैदानावरून डी हॅविलंड कंपनीच्या ‘टायगर मॉथ’ या दोन आसनी, द्विपंखी विमानाने ह्युबर्ट ब्रॉड यांच्या हाती प्रथम आकाश गाठले. पुढल्या आसनावरील शिक्षकास पॅराशूटसह सुखरूप बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचे आधार पुढे सरकविले गेले, आणि त्यायोगे ढळलेला तोल सावरण्यास पंख किंचित मागे कलते केले गेले, ही योजना खरोखर विचक्षण होय. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून, त्यावर रोगणाचे हात देऊन हे पंख सिद्ध होत. दुसऱ्या महायुद्धात ‘मॉस्किटो’ या लढाऊ विमानाकरिता कंपनीचा हॅटफिल्डचा कारखाना मोकळा करणे भाग पडले, तेव्हा टायगर मॉथ बांधण्याचे काम कौली येथील मॉरिस मोटारींच्या कारखान्याकडे सोपविण्यात आले; कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील भर धरता एकूण संख्या आठ हजारांवर गेली. हिंदुस्थानी हवाई दलाच्या कित्येक उमेदवारांनी उड्डाणाची मुळाक्षरे याच यंत्रावर गिरविली. त्याच युद्धात जव्हार-मोखाड्याच्या सुमारे ३१० चौरस मैलांच्या डोंगराळ मुलखाचे अधिपती, श्रीमंत यशवंतराव मुकणे, संस्थानचा कारभार शिरावर असतानाही हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट म्हणून रुजू झाले होते, याचे स्मरण या मुलखाने आज अभिमानाने करावे.