मदतनीस

पहूरहून जामनेरकडं जाताना पीजे गाडीच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. पाचोरा ते जामनेर धावणारी ही छोट्या रुळांची गाडी, तिला आम्ही नुसतं ‘पीजे’ म्हणायचो. मारुतीच्या देवळामागं पत्र्याची एक खोली होती. तिथं १९८७ साली अंगणवाडी सुरू झाली तेव्हा मी तिसरीत होतो. माझी माय त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. मानधन महिन्याला ११० रुपये.

काम काय? खोली झाडायची, पाणी भरायचं, खाऊ शिजवायचा, वाढायचा, भांडी घासायची आणि घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची. कागदावर एवढंच. शिकवायचं काम सेविकाबाईंचं. पण बाई दुसऱ्या गावाहून यायच्या. कधी गाडी चुकायची, कधी जामनेरला मीटिंग, कधी रजिस्टरं भरायची. तेवढ्या वेळात वीस-पंचवीस लेकरं काय मुकाट बसणार होती? कापूस वेचणीच्या दिवसांत तर बाया उजाडताच शेतात जायच्या आणि पोरं मायच्या हवाली करून जायच्या.

मग माय चुलीवर पातेलं ठेवून पोरांना ओट्यावर घ्यायची. पीजेची शिट्टी झाली की सगळ्यांना उभं करायची. “मोजा रे डबे!” पोरं मोजायची. एखाद्याचा डबा राहून जायचा. “घाई करू नको बापा, संध्याकाळी परत येईल ती, तव्हा मोज.” सरकी एका बाजूला, कापूस दुसऱ्या बाजूला करायला लावायची. ज्याला खडू धरता येत नसे, त्याला आधी वालाच्या शेंगा सोलायला द्यायची. बोटांना वळण लागलं की खडू. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. सेविकेला प्रशिक्षण असायचं, मदतनिसाच्या वाट्याला त्यातलं थोडंसंच.

मला मात्र तिची लाज वाटायची. हायस्कुलात एकदा फॉर्म भरताना ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘घरकाम’ असं लिहिलं. बाजूचा मुलगा म्हणाला, “तुझी माय तर अंगणवाडीत आहे ना?” मी म्हणालो, “भांडी घासते तिथं.” ते वाक्य मला आजही बोचतं.

पुढं डीएड करून मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक झालो. काही वर्षांनी बदली आमच्याच गावात झाली आणि पहिलीचा वर्ग मिळाला. तेव्हा कळलं. मायच्या हाताखालून आलेली पोरं रडत नसत, रांगेत बसत, वीसपर्यंत मोजत, गोष्ट ऐकत. माझं निम्मं काम आधीच झालेलं असायचं. त्याचं श्रेय मला मिळायचं.

मग मी याचा मागोवा घेऊ लागलो. मास्तरांच्या हाताखाली शिकवणारं माणूस ही काही नवी गोष्ट नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांना धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवत होते. देशी शाळेतली पोरं वाळूत अक्षरं काढताना त्यांनी पाहिली, आणि आपल्या शाळेतही मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवायला सुरुवात केली. १७९७ साली त्यांनी त्यावर लंडनला पुस्तिका छापली. ती पद्धत इंग्लंडभर पसरली. स्वस्तात शाळा चालायच्या, हे तिचं मोठं आकर्षण.

पण शिकवणारं ते पोर स्वतः कधी शिकणार, हा प्रश्न उरलाच. १८४६ साली तिथल्या सरकारनं नियम केला. तेरा वर्षांच्या पुढच्या हुशार मुलामुलींना पाच वर्षं मुख्य शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करू द्यायची, वर्षाला पगार द्यायचा, मुख्य शिक्षकानं त्यांना रोज वेगळं शिकवायचं, आणि शेवटी परीक्षा पास झाल्यास अध्यापक विद्यालयासाठी शिष्यवृत्ती. त्या व्यवस्थेत दोष होतेच. तरी हाताखालच्या माणसाला वर चढायला शिडी हवी, हे त्यांनी कागदावर आणलं.

आपल्याकडं अंगणवाडीचं मूळ शोधायला गेलं की ताराबाई मोडकांपाशी यावं लागतं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली गरिबांची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यावरूनच ‘अंगणवाडी’. त्यांच्या हाताशी काम करायला आलेल्या अनुताई वाघ पुढं कोसबाडच्या सगळ्या कामाचा भार उचलत्या झाल्या, आणि १९७३ साली ताराबाई गेल्यावर त्यांनी ते काम पुढं नेलं. हाताशी आलेलं माणूस जबाबदारी देऊन वाढवायचं असतं, हे तिथं घडलं होतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. नाव तेच आलं, अंगणवाडी. अंगणही आलं. शिडी मात्र लवकर आली नाही. मदतनिसाचं केंद्राचं मानधन तेव्हा महिन्याला ३५ रुपये. १९७८ ला ५०, १९८६ ला ११०, १९९२ ला २००, १९९७ ला २६०, २००२ ला ५००, २००८ ला ७५०, २०११ ला १,५०० आणि २०१८ ला २,२५०. राज्य त्यात आपली भर घालायचं. ‘मानधन’ म्हणायचे, पगार नाही. पगार म्हटलं की हक्क येतो.

माय सातवी शिकलेली. नव्वदच्या दशकात आमच्या अंगणवाडीतल्या सेविकाबाई सोडून जाणार असं कळलं. सेविका व्हायला दहावी लागायची. मायनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी कॉलेजात आणि माय दहावीत! रात्री भाकरी झाल्या की चिमणीच्या उजेडात ती भूमितीचं पुस्तक घेऊन बसायची. पहिल्या वेळी गणित राहिलं. दुसऱ्या वेळी ४१ गुण पडले. वडिलांनी गावात पेढे वाटले.

जागा निघाली. मायनं अर्ज केला. निवड झाली ती गावातल्याच एका नव्या सुनेची. ती बारावी शिकलेली, गुणांत पुढं. मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अर्जात मायच्या दहा वर्षांच्या कामासाठी रकानाच नव्हता. ती बातमी घेऊन आली, पदर खोचला आणि कण्या शिजत टाकल्या. मी चिडलो तर म्हणाली, “तिले पोरं सांभाळायचं कोन शिकवीन मंग? मीच ना?” आणि शिकवलंही तिनंच. कुणाला आधी भूक लागते, कोण बापाच्या मारानं गप्प आहे, कुणाला मागं बसवायचं नाही, सगळं.

२०२२ साली दोन गोष्टी झाल्या. २५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या सेविका-मदतनिसांच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या खंडपीठानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. या केंद्रांत शाळापूर्व शिक्षण दिलं जातं, आणि एवढी कामं असलेल्या बायांची नोकरी अर्धवेळ म्हणता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. मी तो निकाल मायला मराठीत करून सांगितला. ती म्हणाली, “म्हनजे शिक्षण म्हनले ना ते?” तेवढाच शब्द तिनं धरला. ऑगस्टमध्ये केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांतून पदोन्नतीनं सेविकांच्या निम्म्या जागा भरायच्या. शिडी आली.

मायची पासष्टी जूनमध्येच भरली होती. पस्तीस वर्षं ती मदतनीस होती, मदतनीस म्हणूनच निवृत्त झाली.

पीजे २०२० ला बंद पडली. आता मोजायला डबे नाहीत. राज्यानं २०२३ ला मदतनिसांचं मानधन ४,४२५ वरून ५,५०० केलं, तेव्हा मायनं मला हिशोब करायला लावला, दिवसाला किती पडतात. मी सांगितलं. “मजुरीपेक्षा कमीच,” ती म्हणाली. तिचं गणित आता पक्कं आहे.

मायच्या जागेवर आलेली मदतनीस तिचीच जुनी विद्यार्थिनी, याच ओट्यावर डबे मोजलेली. शेजारच्या गावात ती याआधी काही वर्षं मदतनीस होती. मागल्या वर्षी तिला सेविका म्हणून बढती मिळाली. आदेशाचा कागद घेऊन ती आधी आमच्या घरी आली आणि मायच्या पाया पडली. मायनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला, चष्मा लावून पुन्हा वाचला. मग विचारलं, “आता मदतनीस कोन?”

“जागा भरायची आहे मावशी.”

“तवर पोरं कोन आनीन घरून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघालो तर माय देवळाच्या मागच्या गल्लीतून येत होती. दोन्ही हातांना एकेक पोर, आणि मागं तिघं.