वऱ्हाडच्या करारांतील एक विशेषण

बुलढाण्याच्या नैऋत्येस धाड हें गांव आहे. तेथून थोड्याच अंतरावर भोकरदनचा मुलूख लागतो. निजामी अमलांत ही शीव ओलांडली कीं रुपया बदलत असे; अलीकडे कलदार, पलीकडे हाली सिक्का. न्यायकचेऱ्या निराळ्या, सारावसुलीचे अंमलदार निराळे. तथापि करारान्वयें दोन्ही बाजूंचा सार्वभौम धनी निजामच होता! हा चमत्कार नीट उमजावयाचा तर ‘फुल’ या साध्या इंग्रजी विशेषणाकडे पाहिलें पाहिजे.

‘फुल’, ‘होल’ आणि ‘कंप्लीट’ या तिहींस आम्ही सरसकट ‘पूर्ण’ म्हणतों. वस्तुतः ‘होल’ म्हणजे अभंग; ‘कंप्लीट’ म्हणजे ज्याचा एकहि अवयव उणा नाहीं असें; आणि ‘फुल’ म्हणजे कांठोकांठ भरलेलें. घागर भरलेली आहे एवढेंच ‘फुल’ सांगतें. ती कोणाच्या मालकीची, हें सांगत नाहीं.

१८५३ च्या तहानें, कंटिंजंट फौजेचा खर्च व थकलेलें कर्ज यांपायीं, वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिला. पुढें लॉर्ड कर्झन यांनीं १९०२ मध्यें तो सालिना २५ लक्ष रुपयांच्या खंडानें कायमचा पट्ट्यानें घेतला. त्या करारांत निजामाचें सार्वभौमत्व पुन्हा मान्य केलें आहे; परंतु त्यामागें ‘फुल’ हें विशेषण नाहीं. तें लाविलें आहे इंग्रजांच्या अधिकारास. धनीपणा कोरा, आणि अंमल मात्र ‘फुल’!

या वांटणीचें मर्म पुढें निजामास चांगलेंच कळलें. १९२३ मध्यें त्यांनीं वऱ्हाड परत मागितला. १९२६ मध्यें लॉर्ड रीडिंग यांनीं ठाम नकार दिला. १९३६ च्या करारानें युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. कारभार मिळाला नाहीं.

१९२९ च्या लाहोर काँग्रेसनें स्वराज्याचा अर्थ ‘कंप्लीट इंडिपेंडन्स’ असा ठरविला, तेव्हां योजिलेला शब्द ‘फुल’ नव्हता, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. तेथें मागणी दुसऱ्याच्या घागरींतील भरपूर पाण्याची नव्हती, घागरीचीच होती.

सारांश, राजकीय कागदांत ‘पूर्ण’ हा शब्द दिसतांच वाचकानें थांबून विचारावें: पूर्ण खरें, पण काय? धाडच्या शेतकऱ्यास सारा भरतांना या प्रश्नाचें उत्तर दरसाल मिळत असे.