‘संपात’ : एका शब्दाची कुळकथा

गोल बाजारात आम्हां रायपूरकर मराठी मंडळींच्या मुखी दोन भाषा सुखाने नांदतात. दुकानदाराशी भावताव हिंदीत होतो, घरच्यांशी सल्लामसलत मराठीत. बाजारात हे सहज निभावते. मुलांच्या भूमितीच्या वहीत मात्र कधी कधी अडते.

मराठी पाठ्यपुस्तकांत एकाच बिंदूतून जाणाऱ्या तीन वा अधिक रेषांना ‘एकसंपाती’ म्हणतात. त्रिकोणाच्या तीन मध्यगा जेथे भेटतात तो मध्यगासंपात, तीन शिरोलंब भेटतात तो शिरोलंबसंपात. हिंदी पुस्तकांत अशा रेषा ‘संगामी’ होत. तेथे ‘संपाती’ हे नाव एकमेकींवर तंतोतंत पडणाऱ्या रेषांचे. म्हणजे आमच्या संपाताला एक बिंदू पुरतो, त्यांच्या संपाती रेषांचे सर्वच बिंदू समाईक! घरचा अर्थ शाळेच्या उत्तरपत्रिकेत उतरला, की गुण गेलेच.

मग खरे कोणाचे? ‘पत्’ म्हणजे पडणे आणि ‘सम्’ म्हणजे एकत्र. व्युत्पत्ती दोघांनाही आश्रय देते. परंपरेकडे पाहावे, तर इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने परस्परांस छेदणाऱ्या दोन वर्तुळांच्या गणितात ‘संपातशर’ ही संज्ञा योजली. ज्योतिषात क्रांतिवृत्त व विषुववृत्त जेथे एकमेकांस छेदतात, ते दोन बिंदू म्हणजेच संपात. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरविला, तो वसंतसंपाताच्या चलनाच्या आधारे. मराठीने हाच जुना अर्थ जपला आहे.

तथापि नाव म्हणजे आकृती नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) १५ व १० हात उंचीचे दोन वेळू आहेत. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत दोरी ताणली, तर दोऱ्या जमिनीपासून ६ हातांवर छेदतात. त्या भेटीला आचार्य ‘योग’ म्हणतात. वेळूंमधील अंतर कितीही धरा, ते ६ हात ढळत नाहीत. शब्द बदलला म्हणूनही ढळत नाहीत.

यास्तव पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलांना आधी आकृती काढून द्यावी आणि तिच्याखाली ‘एकसंपाती’ व ‘संगामी’ ही दोन्ही नावे लिहावीत. परीक्षेत शाळेचे नाव लिहावे, घरचेही विसरू नये. परमुलखात दोन भाषांच्या संगतीत वाढणाऱ्या मुलाने एक भाषा दुसरीखाली झाकून टाकावी, असे थोडेच आहे? दोन रेषा एका बिंदूत भेटतात आणि आपापल्या दिशेने पुढे जातात. मराठीतला संपात तो हाच.