चौथाईचा हक्क आणि शेजाराची जबाबदारी

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा पंढरपुरावरून वाहत आमच्या अफजलपूर तालुक्यात येते आणि गाणगापुरी अमरजेला भेटते. नदीला सरहद्द ठाऊक नसते. ती ठाऊक असते काठावरच्या माणसांना. मराठी राज्य आणि निजामाचे राज्य यांच्या सांध्यावर आपल्या घराण्यांच्या अनेक पिढ्या गेल्या. म्हणून अठराव्या शतकातील मराठ्यांच्या शेजारनीतीचा विचार पुण्याच्या वाड्यातून न करता, या सांध्यावरून करावा असे आम्हांस वाटते.

शाहू छत्रपतींच्या काळापासून मराठी सत्ता हे एकसंध राज्य राहिले नव्हते. पेशवे, नागपूरकर भोसले, गायकवाड, शिंदे, होळकर यांचे ते एक राज्यमंडळ होते. प्रत्येकाची फौज वेगळी, खजिना वेगळा. एकत्र बांधणारा धागा छत्रपतींच्या नावाचा. या मंडळाचे दक्षिणेतील परराष्ट्रधोरण १७१९ च्या बादशाही सनदांवर उभे होते. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी त्यांनी शाहूंस मिळाली. बीदर व विजापूर हे त्यांपैकी दोन सुभे. आपण बहुधा एवढेच लक्षात ठेवतो. परंतु या हक्कांच्या बदल्यात मराठ्यांनी पंधरा हजार स्वार बादशाही चाकरीस ठेवावेत आणि मुलखात चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करावा, अशीही अट होती. म्हणजे चौथाई ही कल्पनेत तरी शांततेची किंमत होती. पुढील पाऊणशे वर्षांत हक्क लक्षात राहिला आणि अट विस्मरणात गेली, असे आमचे मत आहे.

१७४८ मध्ये पहिला निजाम वारला आणि हैदराबादचे राज्य डळमळू लागले. नासिरजंग १७५० मध्ये व मुजफ्फरजंग १७५१ मध्ये मारला गेला. फ्रेंच सेनानी बुसी याच्या आधाराने सलाबतजंग गादीवर आला. नानासाहेब पेशव्यांनी दिल्लीहून आलेल्या त्याच्या थोरल्या भावाचा, गाजीउद्दीनाचा, पक्ष घेतला. गाजीउद्दीन १७५२ च्या ऑक्टोबरात औरंगाबादेस अकस्मात मरण पावला. त्यास विष घातले असे मानले जाते. पुढच्याच महिन्यात आमच्या शेजारच्या भालकी येथे तह झाला आणि तापी-गोदावरीमधील मोठा मुलूख मराठ्यांच्या पदरात पडला. लाभ नि:संशय मोठा होता. पण दुसऱ्याच वर्षी, १७५३ मध्ये, सलाबतजंगाने फौजेच्या खर्चासाठी उत्तर सरकारचे समुद्रकाठचे जिल्हे बुसीच्या हवाली केले. शेजारी एकीकडे मुलूख गमावत होता आणि दुसरीकडे परक्याच्या कवायती फौजेवर अधिकाधिक विसंबत होता.

१७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले व सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळविला. वर्षाच्या आत पानिपत झाले. मग अस्थिर शेजारी कोण, हा प्रश्न उलटा फिरला. १७६२ मध्ये निजामअलीने सलाबतजंगास बीदरच्या किल्ल्यात कैद केले, आणि त्याच वर्षी राघोबादादा पुतण्याविरुद्ध निजामअलीची मदत घेते झाले. पुढील वर्षी निजामाच्या फौजेने पुणे जाळले. तेव्हा नागपूरकर जानोजी भोसले त्याच्याच बाजूस होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी हा डाव उलटविला, हे खरे. पण शेजाऱ्याच्या भाऊबंदकीत शिरण्याची वाट दोन्ही दिशांनी चालते, हा धडा त्या दोन वर्षांनी दिला होता.

अपवादही घडला. १७८४ मध्ये यादगीर येथे नाना फडणवीस व निजामअली समक्ष भेटले आणि टिपूविरुद्ध एकत्र येण्याचे ठरले. चौथाईच्या तगाद्यापलीकडे जाऊन दोघांनी समान संकटाचा विचार केला, म्हणून ही भेट आम्ही महत्त्वाची मानतो. दुर्दैवाने तो स्नेह टिकाऊ रचनेत उतरला नाही. टिपूचे भय ओसरताच थकबाकीचे कागद पुन्हा बाहेर आले आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याची लढाई झाली. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सारे पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आलेले मराठी राज्यमंडळाचे ते अखेरचे दर्शन.

विजय पूर्ण होता. फळ मात्र हाती राहिले नाही. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले, वारसाचा तंटा लागला, आणि १७९६ मध्ये महाडच्या तहाने निजामाचा पाठिंबा मिळविण्यासाठी नानांना खर्ड्याची कमाई सोडावी लागली. खर्ड्याला इंग्रजांनी मदत नाकारल्याने दुखावलेला निजाम आता कोणत्याही किमतीस संरक्षक शोधत होता. १७९८ मध्ये त्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. चारच वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, वसईस दुसऱ्या बाजीरावाने तेच केले. शेजाऱ्याच्या दुबळेपणातून तिसऱ्याची ताकद वाढते आणि ती ताकद एका दारापाशी थांबत नाही.

आजच्या प्रादेशिक संघटनांनाही हा पेच सुटलेला नाही. १९८५ मध्ये ढाक्यास स्थापन झालेल्या सार्कने द्विपक्षीय वादांचे विषय सनदेनेच वगळले. २०१४ च्या काठमांडूनंतर तिची शिखर परिषद भरलेली नाही. आसियानने २०२१ मध्ये म्यानमारसाठी पाच कलमांवर सहमती केली, पण ती अमलात आणवणारे बळ तिच्यापाशी नव्हते. मराठ्यांनी शेजाऱ्याच्या घरात फार हात घातला, या संस्था तो घालण्यास कचरतात. दोहोंत उणीव एकच आहे: शेजाऱ्याचे स्थैर्य ही आपली गरज आहे, असे मानून उभारलेली कायमची व्यवस्था.

सांध्यावरच्या गावांना मात्र हे पटवून द्यावे लागत नाही. एकाच पिकावर दोन सरकारांचे कमाविसदार येत, तेव्हा चौथाई कोणाच्या वाट्याची हे रयतेला कोणी विचारले नाही. ती तिच्याच कोठारातून जात होती. सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या महिन्यांत सरहद्द ओलांडून सोलापूरकडे गेलेल्यांच्या आठवणी आपल्यापैकी कित्येक घरांत अजून सांगितल्या जातात. राज्ये बदलली, सरहद्दी पुसल्या आणि नव्याने आखल्या गेल्या; त्यांची किंमत मोजणारी गावे तीच राहिली. म्हणून भालकी आणि यादगीर यांपैकी एकाचे स्मरण ठेवायचे झाल्यास आम्ही यादगीरचे ठेवू.