लिपीची किल्ली

इ. स. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, रचना ओवीबद्ध. पण देवनागरीचे खिळे नसल्याने अक्षरे मात्र रोमन. पुढे १८०५ साली श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनिशी निघाले. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर मराठीपुढे तसाच पेच पुन्हा उभा राहिला.

देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड पद्धती १९९१ मध्ये आली. परंतु ती रुळण्यापूर्वीच अनेक वृत्तपत्रांनी आपापल्या फॉन्टमध्ये संकेतस्थळे थाटली. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसविलेल्या असत. तो फॉन्ट संगणकात नसला, की मथळ्याऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. शोधयंत्रालाही त्यातील मराठी शब्द सापडत नसे.

कलबुर्गी जिल्ह्यातील करजगीसारखे सीमेलगतचे गाव घ्यावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. अशा ठिकाणच्या मराठी वाचकाला महाराष्ट्रातील वृत्तपत्र पडद्यावर वाचता येणे ही नुसती सोय नव्हे. भाषेशी नाते राखण्याची ती वाट होय.

ही वाट मोकळी करण्यास ब्राउझरला जोडावयाची छोटी साधने, म्हणजे ‘ॲड-ऑन’, उपयोगी पडली. २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाची अशी एक जोडणी होती. आरंभी तेलुगूसाठी केलेली ही जोडणी पुढे देवनागरीसही लागू झाली. काम वाटते तितके सोपे नव्हते. जुन्या फॉन्टमध्ये ‘मि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘म’ नंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. ‘धर्म’ शब्दातील रफार फॉन्टमध्ये ‘म’नंतर येई, युनिकोडला ‘र’ आधी हवा. नुसती अक्षरे बदलून भागत नसे. त्यांचा क्रमही लावावा लागे.

कालांतराने वृत्तपत्रांनी स्वतःच युनिकोड स्वीकारले आणि या साधनांची गरज ओसरली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७व्या आवृत्तीत जुन्या घडणीच्या सर्व जोडण्या बंद झाल्या. तथापि, जुन्या फॉन्टमधील मजकूर त्यामुळे आपोआप वाचनीय झाला नाही. मोडी कागदांची दप्तरे शाबूत आहेत, पण वाचणारे थोडे उरले, हा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहेच. म्हणून असा मजकूर ज्यांच्यापाशी असेल, त्यांनी किल्ली हाती आहे तोवर तो युनिकोडमध्ये उतरवून ठेवावा. कुलूप शाबूत राहून किल्ली हरवली, तर आतला ठेवा असून नसल्यासारखाच.